बायबलातील 'ओवी' आणि छापील पान

नाशिककरांस पोथी नवी नाही, आणि छापखानाही नवा नाही. गोदाकाठच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पोथ्यांची पारायणे होत आली आहेत. आणि नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून १९२८ पासून चलनी नोटा बाहेर पडत आहेत. नवी नोट हाती आली की लहान मूलदेखील ती उजेडासमोर धरून कोठे काय छापले आहे हे न्याहाळते. परंतु बायबल उघडले असता त्याच्या पानाकडे कोणी पाहत नाही. शब्द पाहिले जातात, अर्थ विचारला जातो, उच्चार सुधारले जातात. पण ते शब्द पानावर कसे मांडले आहेत, रकाने किती आहेत, आकडे कोठून आले, मथळे कोणी घातले, यांविषयी शाळेत किंवा घरी प्रश्न निघाल्याचे आम्हांस फारसे आढळले नाही. हे पान मुकाट्याने आपल्या वाचनास वळण लावीत असते, आणि मराठी वाचकाच्या बाबतीत ते वळण थोडे वाकडे पडते, असे आमचे मत आहे. त्याची कारणे येथे मांडतो.

आमच्या मंडळ्यांतून बायबलातील वचनास 'ओवी' म्हणण्याचा जुना प्रघात आहे. पाळक 'तिसरा अध्याय, सोळावी ओवी' असे सांगतात आणि सर्वजण पाने उलटतात. शब्द गोड आहे, आणि दूरदेशीचा ग्रंथ आपलासा करून घेणारा आहे. परंतु त्याच्या पोटात एक चुकीची समजूत दडली आहे. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या घ्या, की श्रीधराचा 'हरिविजय' घ्या. तेथील ओवी ही कवीने स्वतः घडविलेली वस्तू होय. तिचे चरण त्याने बांधले, यमके त्याने जुळविली, आणि जेथे ती संपते तेथे त्याला थांबावयाचेच होते. अर्थ कधी पुढल्या ओवीत वाहत जातो हे खरे. पण ओवीची बांधणी ओवीतच पुरी होते. लेखनिकाने तिच्या शेवटी दोन दंडांच्या मध्ये जो आकडा घातला, तो त्या विश्रामाची केवळ नोंद आहे. पोथीवर वाढलेल्या मराठी माणसाच्या कानास व डोळ्यास त्यामुळे एक सवय जडली आहे : आकडा आला की विचार पुरा झाला. हीच सवय घेऊन तो बायबलाकडे येतो, आणि तेथे ती त्याला फसविते. कारण तेथला आकडा पुष्कळ ठिकाणी ग्रंथकर्त्याचा नाही. तो छापणाऱ्याचा आहे.

मार्काने शुभवर्तमान लिहिले तेव्हा त्यात अध्याय नव्हते, वचनांचे आकडे नव्हते. पौलाने करिंथकरांस पत्रे पाठविली ती आपण वडिलांस पत्र लिहितो तशीच, सलग. शास्त्रातील एखादे स्थळ दाखवावयाचे तर लोक काय करीत, याचे नमुने खुद्द बायबलात आहेत. मार्काच्या बाराव्या अध्यायात येशू मोशेच्या ग्रंथाचा दाखला देतो तो 'झुडपाची हकीकत' अशा खुणेने. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा कर्ता तर एका स्तोत्रातील शब्द घेताना ते कोणीतरी कोठेतरी म्हटले आहे, एवढ्यावरच भागवितो. आजच्या एखाद्या विद्यार्थ्याने परीक्षेत असे लिहिले तर गुण कापले जातील. स्तोत्रे मात्र वेगवेगळी गीते असल्यामुळे त्यांस क्रमांक होते. प्रेषितांच्या कृत्यांत पौल 'दुसऱ्या स्तोत्रा'चा उल्लेख करतो. म्हणजे जेथे रचनाच तुकड्यांची होती तेथे मोजणी होती, आणि जेथे रचना सलग होती तेथे नव्हती.

आज आपण वापरतो ते अध्याय तेराव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या विद्यापीठात शिकविणाऱ्या व पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या स्टीफन लँग्टन याने पाडले, असे मानतात. जुन्या करारातील वचने कोठे संपतात याच्या खुणा यहुदी शास्त्र्यांनी त्याच्याही पूर्वी ठरविल्या होत्या. त्या पठणाच्या सोयीसाठी होत्या, आकडे मागाहून आले. नव्या करारातील वचने मात्र एका मुद्रकाची करणी आहे. रॉबेर एस्तिएन हा फ्रेंच मुद्रक. त्याने १५५१ साली जिनीव्हा येथे छापलेल्या ग्रीक नव्या करारात ती प्रथम दिसतात. पॅरिसहून लियाँला जाताना प्रवासातच बापाने हे काम उरकले, असे त्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे. घोड्याच्या धक्क्याने लेखणी हलली की नवे वचन सुरू झाले, असा विनोद यावरून विद्वान लोक करीत आले आहेत. विनोद सोडून देऊ. परंतु पुढे १५६० साली इंग्रजी जिनीव्हा बायबलाने प्रत्येक वचन नव्या ओळीवर आणले, १६११ च्या इंग्रजी भाषांतराने तीच रीत ठेवली, आणि पत्र काय, गोष्ट काय, गीत काय, सगळे एका साच्यातून निघाल्यासारखे दिसू लागले. त्यापूर्वी लूथरचा १५२२ चा किंवा टिंडेलचा १५२६ चा नवा करार पाहावा : परिच्छेदांत मांडलेला, एखाद्या गोष्टीच्या पुस्तकासारखा. तुकडे पाडल्याने सामान्य वाचक प्रत्येक तुकडा स्वतंत्र सुभाषित समजू लागतो, ही तक्रार जॉन लॉक या तत्त्वज्ञाच्या १७०७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधातही आहे. इंग्लंडातील वाचकाची ही गत. तर ज्याच्या मनात आधीच ओवी बसली आहे त्या आपल्या वाचकाची काय होत असेल?

आता हे पान आमच्याकडे कसे आले तेही पाहिले पाहिजे. मराठीत ख्रिस्तचरित्र सांगण्याचा पहिला मोठा प्रयत्न ओवीतच झाला. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या, पण देवनागरी खिळे नसल्यामुळे सर्व रोमन अक्षरांत! म्हणजे बांधणी पूर्णपणे आपली आणि पान पूर्णपणे परके. हे काव्य पुण्याहून देवनागरीत छापून निघण्यास १९५६ साल उजाडावे लागले. आमच्या नाशिकच्या बाजूने या परंपरेस जोड मिळाली ती 'ख्रिस्तायना'ची. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ते आरंभिले; १९१९ साली ते वारल्यावर पुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचून पुरे केले. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांचे शेवटचे दिवस नाशिकातच गेले व १९३६ साली येथेच त्या निवर्तल्या. या दोन्ही ग्रंथांतील ओवी ही खरी ओवी आहे. ती एकेक करून म्हणावी, पाठ करावी. तिचे काही बिघडत नाही.

गद्य भाषांतराचा मार्ग निराळा होता. बंगालमध्ये सेरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ साली व संपूर्ण नवा करार १८११ साली मराठीत आणला. तेथील खिळे पाडणारे कारागीर पंचानन कर्मकार व त्यांचे जावई मनोहर यांचे नाव आमच्या मुलांस ठाऊक असावयास हवे. कॅरी यांनी आपला १८१० चा मराठी कोश मोडी लिपीत छापिला, कारण व्यवहारात लोक मोडी लिहितात असे त्यांनी पाहिले होते. मोडीत आधी ओळभर रेघ ओढावयाची व मग तिला अक्षरे टांगीत जावयाचे. शब्दाशब्दांत अंतर ठेवण्याची पद्धत नाही. जुन्या पोथ्यांतही शब्द असेच एकमेकांस चिकटून असत. वाचणाऱ्यास अर्थ ठाऊक असल्याशिवाय वाचता येत नसे, आणि बहुधा मोठ्याने वाचावे लागे. छापखान्याने शब्द मोकळे केले. पुढे मेजर कँडी प्रभृतींच्या खटपटीने स्वल्पविराम, पूर्णविराम आले. हा उपकार लहान नव्हे. बायबलाच्या पानाविषयी तक्रार करताना छापखान्याने वाचन सर्वांस सुलभ केले ही गोष्ट आम्ही विसरत नाही.

मुंबईत अमेरिकन मिशनने छापखाना घातला आणि १८१७ पासून तेथून मराठी पुस्तके निघू लागली. संपूर्ण मराठी बायबल त्यांनी १८४७ साली छापिले. याच मिशनच्या छापखान्यात लहानपणी काम शिकलेले जावजी दादाजी यांनी पुढे १८६९ साली 'निर्णयसागर' काढला, आणि त्यांच्या अक्षरांची कीर्ती सर्व हिंदुस्थानभर झाली. मिशनऱ्यांचे छापखाने पाहूनच स्फूर्ती घेतलेले गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापिले. शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील पोथीस शिवेनात, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली. यात एक शहाणपण आहे. मुंबई-पुण्याच्या मुद्रकांनी धर्मग्रंथ छापताना पोथीचे आडवे सुटे पान, रुंद समास, दोन दंडांतील आकडा हे सर्व राखिले. वाचकाच्या डोळ्याची सवय मोडू दिली नाही. बायबल मात्र युरोपी पुस्तकाच्या वेषात आले. नवा वेष घेण्यास आमची हरकत नाही. पण वेषाबरोबर दोन रकाने, बारीक अक्षर व ओळीओळीस आकडा ही जी गाठोडी आली, ती मराठी मजकुरास मानवतात की नाही, हे नीट तपासले गेले नाही.

ती मानवत नाहीत असे आम्ही का म्हणतो, हे कोणताही जुना जुळारी सांगू शकेल. रोमन अक्षर एका रेघेवर बसते. आपले अक्षर रेघेखाली लोंबते. वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार. खाली उकार, ऋकार व जोडाक्षराचे पाय. दोन ओळींत पुरेसे अंतर नसले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराशी झटू लागतो. जागा वाचविण्यासाठी बायबलात नेमके हेच अंतर आवळले जाते. त्यात रकाना अरुंद. 'नबुखद्नेस्सर' हा एक राजाच अर्धी ओळ अडवून बसतो. मग दोन्ही कडा सारख्या करण्यासाठी उरलेल्या शब्दांत मोठमोठी भगदाडे पडतात, किंवा शब्द मध्येच तुटतो. कागद पातळ असल्याने मागच्या पानाची छाया पुढे दिसते ती निराळीच. आमच्यापैकी पुष्कळांच्या आजीबाई 'आता बायबल दिसत नाही' म्हणून ते मिटून उशाशी ठेवतात. दोष नेहमी त्यांच्या डोळ्यांचाच असतो असे नाही.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संपूर्ण बायबल म्हणजे ११८९ अध्याय. ते एका हातात मावेल अशा पुस्तकात बसवावयाचे तर कागद पातळ आणि अक्षर बारीक होणारच. बारीक अक्षराची ओळ पानभर लांब केली तर परत येताना डोळा वाट चुकतो, म्हणून दोन रकाने. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास छापिलेले बेचाळीस ओळींचे बायबलही दोन रकान्यांचेच होते, आणि त्याच्याइतके सुंदर पुस्तक क्वचितच झाले असेल. पण त्याचे पान केवढे थोरले, अक्षर केवढे ठळक, आणि वचनांचे आकडे मुळीच नव्हते! मोठ्या पानावरील युक्ती लहान पानावर आणली की ती तशीच लाभते असे नाही.

अक्षरांचा त्रास डोळ्यांस होतो. तुकड्यांचा त्रास अर्थास होतो, आणि तो अधिक गंभीर आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सृष्टीचे सहा दिवस आहेत. सातवा दिवस, ज्या विसाव्यासाठी सारा आठवडा रचला आहे तो, दुसऱ्या अध्यायात जाऊन पडला आहे. शिक्षकाने 'पहिला अध्याय वाचून या' म्हटले की मुले सहा दिवसांचा आठवडा वाचून येतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायाच्या शेवटी पौल पायऱ्यांवर उभा राहतो, हाताने खुणावतो, लोक शांत होतात, तो बोलू लागतो, आणि अध्याय संपतो! नाटकाचा पडदा पात्राने तोंड उघडताच टाकावा तसे हे झाले.

वचनांचे तर विचारूच नये. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन, ज्यात देव आपल्या लोकांच्या हिताचे संकल्प सांगतो, ते दिनदर्शिकांवर, वाढदिवसाच्या पत्रांवर आणि आता मोबाईलवर येणाऱ्या सूर्योदयाच्या चित्रांवर आपण नित्य पाहतो. त्याच्या लगत वरचे, दहावे वचन किती जणांनी वाचले आहे? त्यात सत्तर वर्षे सांगितली आहेत. हे बाबेलात पकडून नेलेल्या लोकांस लिहिलेले पत्र आहे : घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याचे कल्याण चिंता, कारण सुटका व्हावयाची आहे, पण लवकर नाही. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक मोठी माणसे ती सुटका पाहणार नव्हती. हे कळल्यावर अकराव्या वचनाचे सांत्वन कमी होत नाही, उलट त्याला वजन येते. पण आकड्याने ते इतके सफाईने कापून हाती दिले आहे की, पत्र कोठे गेले हे कोणी विचारीत नाही.

तसेच फिलिप्पैकरांस पत्रातील चौथ्या अध्यायाचे तेरावे वचन. आपल्याला बळ देणाऱ्याच्या योगे आपण सर्व काही करू शकतो, अशा आशयाचे हे वचन परीक्षेच्या व सामन्याच्या दिवशी मुले पुटपुटतात, आणि आम्ही त्यांस मुळीच दोष देत नाही. परंतु पौल ते लिहितो तुरुंगातून, आणि त्याच्या आदल्या वाक्यात तो पोटभर कसे असावे व उपाशी कसे असावे हे आपण शिकलो असे सांगत आहे. त्याचे 'सर्व काही' म्हणजे यश नव्हे. अपयशही सोसणे होय. सामना हरलेल्या मुलासच हे वचन अधिक लागू आहे, आणि ही गोष्ट त्याला कोणी सांगत नाही.

मराठीची आणखी एक अडचण आहे, ती इंग्रजीस नाही. आपल्या वाक्याचे क्रियापद शेवटी येते. इफिसकरांस पत्राच्या आरंभी तिसऱ्यापासून चौदाव्या वचनापर्यंत मूळ ग्रीकात एकच वाक्य आहे. भाषांतरकाराने प्रत्येक आकड्याजवळ त्या आकड्याचाच मजकूर ठेवावयाचा म्हटले तर मराठी वाक्य नैसर्गिक क्रमाने बसत नाही. आधी यावयाचे ते मागून येते, आणि वाक्याची कंबर मोडते. 'बायबलची मराठी कृत्रिम वाटते' असे आमचे विद्यार्थी म्हणतात, त्यात भाषांतरकाराइतकाच या आकड्यांचा हात आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून, खेड्यातील बायकांस समजेल अशा सोप्या मराठीत सर्व बायबल उतरविले. केडगावच्या मुक्तिसदनातील बायकामुलींनी ते स्वतः जुळविले व छापिले. रमाबाई १९२२ साली वारल्या आणि ग्रंथ १९२४ साली पुरा बाहेर आला. ज्या बाईने शब्द सोपा व्हावा म्हणून इतके श्रम केले, तिच्या मागून येणाऱ्यांनी पान सोपे करण्याचे श्रम घ्यावेत, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.

मथळ्यांविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. हे मथळे संपादकांचे असतात, शास्त्राचे नव्हेत. पण ठळक अक्षरांत असल्यामुळे मुलांस तेच अधिक अधिकृत वाटतात. लूकच्या पंधराव्या अध्यायातील गोष्ट आपण 'उधळ्या पुत्राचा दाखला' म्हणून ओळखतो. मूळ गोष्टीचे पहिले वाक्यच सांगते की एका माणसास दोन पुत्र होते. धाकटा परत आला, मेजवानी झाली, येथे मथळ्याचे काम संपते. आणि अंगणाबाहेर रुसून उभा असलेला थोरला मुलगा कथेचे शेपूट होऊन बसतो. वास्तविक हा अध्याय सुरू होतो तो पापी लोकांबरोबर येशू जेवतो म्हणून कुरकुरणाऱ्या परूश्यांपासून. हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि हे दोन भाऊ, या तीन गोष्टी एका दमात त्या कुरकुरणाऱ्यांस सांगितल्या आहेत. थोरला भाऊ हेच ते. बाप त्याचीही विनवणी करण्यास बाहेर येतो, आणि तो आत गेला की नाही हे न सांगता गोष्ट थांबते. शाळेत नियमित येणारी, गृहपाठ वेळेवर करणारी, आज्ञाधारक अशी जी आमची मुले, त्यांच्यासाठी या गोष्टीत जे आहे ते त्या एका मथळ्याने झाकून ठेविले आहे.

तांबड्या शाईचे थोडक्यात आटोपतो. येशूचे शब्द तांबडे छापण्याची कल्पना अमेरिकेत लुई क्लॉप्श या संपादकाची; तसा नवा करार १८९९ साली निघाला. आपल्या पोथ्यांतही लेखनिक हिंगूळ किंवा गेरू वापरीत, पण तो दंड, आकडे व समाप्तीच्या ओळी दाखविण्यास. कोणाचा शब्द थोर हे ठरविण्यास नव्हे. शिवाय मूळ ग्रीकात अवतरणचिन्हे नाहीत. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेमाशी चाललेले येशूचे बोलणे कोठे संपते व योहानाचे कोठे सुरू होते याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तांबडी शाई तो वाद वाचकास न विचारता मिटवून टाकते.

याच्या उलट जेथे तुकडे मुळातच आहेत तेथे ते दाखविलेच पाहिजेत. नीतिसूत्रांच्या दहाव्या अध्यायापासून पुढे बहुतेक वचन स्वतंत्र आहे; तेथे आकडा शोभतो. स्तोत्रांत तर ओळींची मांडणी हाच अर्थाचा भाग आहे. इब्री कवितेत यमक मुख्य नाही. पहिली ओळ जे सांगते ते दुसरी निराळ्या शब्दांत पुन्हा सांगते, किंवा उलटून सांगते. एका खाली एक अशा ओळी छापल्या की हा झोपाळा डोळ्यांस दिसतो. सलग छापल्या की नुसती पुनरुक्ती वाटते. एकशे छत्तिसाव्या स्तोत्रात सव्वीस वेळा तेच ध्रुवपद येते. आरतीत पालुपद म्हणणाऱ्या मराठी मुलास ते म्हणावयास शिकवावे लागणार नाही, फक्त ते पालुपद आहे हे पानावर दिसले पाहिजे. एकशे एकोणिसाव्या स्तोत्रात आठ आठ ओळींचे बावीस गट, प्रत्येक गट इब्री वर्णमालेतील एकेका अक्षराचा. यहुदी लेखनिक हे फार पूर्वी ओळखून होते : तोऱ्हाच्या गुंडाळीत निर्गमातील समुद्रकाठचे गीत ते आजही विटेवर वीट रचल्याप्रमाणे अंतरे सोडून लिहितात. सांगावयाचे एवढेच की, मांडणीचा विचार करणे ही चैन नव्हे. धर्मग्रंथ उतरविणाऱ्यांचे ते जुने कर्तव्य आहे.

उपाय काय? आकडे पुसून टाका असे आम्ही म्हणणार नाही. एकाच नगरात मराठी, हिंदी, इंग्रजी, तमिळ व मल्याळम बायबले उघडली जातात, आणि एक आकडा सांगताच सर्वांचे बोट एका जागी पडते. ही सोय मोलाची आहे. परंतु आकडा समासात बसू शकतो. इंग्लंडात १८८१ व १८८५ साली निघालेल्या सुधारित भाषांतराने गद्य परिच्छेदांत व कविता ओळींत मांडली आणि आकडे ठेवूनही वाचन मोकळे केले. अमेरिकेत २०१४ साली एका तरुण रेखनकाराने वचनांचे आकडे व टीपा काढून, एका रकान्यात, अनेक खंडांत बायबल छापण्याचा संकल्प लोकांपुढे ठेविला. त्याने मागितले होते सदतीस हजार डॉलर, लोकांनी दिले चौदा लाखांवर. मराठी बायबलाच्याही काही प्रतींत आता परिच्छेद दिसतात, ही चांगली गोष्ट आहे. आम्हांस हवे आहे ते याच्या एक पाऊल पुढे : उपासनेसाठी व संदर्भासाठी एक खंडी ग्रंथ असू द्या, पण घरी वाचण्यासाठी निराळी, मोकळ्या अक्षराची, सुट्या पुस्तकांची प्रत निघू द्या. महाभारत अनेक खंडांत आहे म्हणून कोणी ते कमी पवित्र मानिले नाही. पूर्वी मिशनचे पुस्तकविक्रे गावोगाव सुटी शुभवर्तमाने घेऊन फिरतच होते.

तोपर्यंत आमच्या शाळेस एक सूचना करतो. पाठांतराचे बक्षीस जास्तीत जास्त वचने म्हणणाऱ्यास द्यावयाचे, ही पद्धत सर्वत्र रूढ आहे. ती बंद करावी असे नाही. पण तिच्या जोडीला वाचनाचे एक बक्षीस ठेवावे. त्यासाठी रूथचे पुस्तक घ्यावे. अध्याय चार, वचने पंच्याऐंशी; दुष्काळात देश सोडून गेलेले एक कुटुंब, तीन विधवा, आणि परक्या देशातून सासूबरोबर आलेली सून. जाती-धर्माचा विचार न करता आमच्या शाळेतील कोणत्याही घरात ते ऐकले जाईल. वरच्या वर्गांतील मुलांनी ते आपल्या हाताने, आकडे व मथळे गाळून, जेथे बोलणारा बदलतो तेथे नवी ओळ घेऊन, सलग उतरवून काढावे. कोठे परिच्छेद पाडावा यावर वर्गात वाद होतील. ते अवश्य होऊ द्यावेत, कारण तेवढ्यासाठी प्रत्येकास ते पुस्तक दोनदा तरी वाचावे लागेल. मग ती प्रत घरी नेऊन आईवडिलांस, आजीआजोबांस मोठ्याने वाचून दाखवावी. पंधरा-वीस मिनिटांत होते. ज्यांस हे आवडेल त्यांनी दिवाळीच्या सुटीत मार्काचे शुभवर्तमान याच रीतीने घ्यावे. त्यास दोन तासांची एक बैठक पुरे. मुलांनी उतरविलेल्या रूथच्या प्रतींपैकी जी सर्वांत मोकळी व वाचनीय असेल ती पुढील वर्षीच्या अंकात आठ पानांत छापावी, आणि ती छापताना दोन ओळींत अंतर भरपूर सोडावे.